न मागता आलेलं

नलूनं पदराचा बोळा नाकाशी धरला, चिमट्यानं उशीचं टोक उचललं आणि म्हणाली, "बघा वन्सं. नुसतं सांगितलं असतं तर तुम्हाला खोटं वाटलं असतं."

उशीखाली वर्तमानपत्राची घडी होती. नलूनं ती चिमट्यानंच उलगडली. आत एक शेपटी होती आणि शेपटीशेजारी करंगळीच्या पेराएवढं, हिरवट-काळसर, ओलं काहीतरी. बाकीचा उंदीर नव्हता. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं मी नुकतीच बार्शीला उतरले होते. हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

"बाकीचा कुठाय?" मी विचारलं.

नलूनं मागच्या पडवीकडे हनुवटी उडवली. तिथं मावशीला उन्हाला बसवलं होतं.

"पोटात," ती म्हणाली.

मावशी म्हणजे नलूची सासू. मी पाळण्यात असताना माझी आई गेली, तेव्हापासून लग्न होईपर्यंत मावशीनंच मला वाढवलं. मुकुंदा तिचा मुलगा, माझ्याहून धाकटा. आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो. त्यानं ओळखीच्या एका गार्डाकडून निरोप धाडला होता, 'आईचं डोकं फिरलंय. बघायचं असेल तर लगेच ये.' ह्यांना धड सांगायलाही न थांबता मी निघाले होते.

"नलू, घरात मांजर आहे. मागं शेंगांचं गोदाम आहे. उंदीर सापडला तर त्यात नवल काय?"

"मांजर खाईल तर अंगणात खाईल. कागदात घडी घालून उशीखाली ठेवील का?" नलूचा आवाज चढला. "आणि हा काही पहिला नाही. अंथरुणात मेलेले सापडलेत, अर्धे सापडलेत. परवा चादर झटकली तर एक जिवंतच पळाला. मी त्यांना विचारलं, हे कुणी आणलं? तर गप्प. खाल्लं कुणी? गप्प. ओठाला रक्त होतं वन्सं, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. त्या दिवसापासून त्यांचं ताट वेगळं ठेवलंय. शी! मला तर दोन दिवस अन्न गेलं नाही."

मलाही त्या खोलीत उभं राहवेना. मांजरांची मला लहानपणापासून किळस होती. मावशीच्या घरात कायम एखादं मांजर असायचंच, त्यामुळे त्यांचं सगळं घाणेरडं मी फार जवळून पाहिलं होतं. गवत खाऊन ओकलेल्या केसांच्या गुठळ्या, पायपुसण्याखाली दडवलेली सरड्याची मुंडकी, नको असलेल्या दुधाच्या वाटीभोवती फरशी खरवडत बसणं. जसं काही ते दूध नाही, त्यांची विष्ठाच आहे आणि ती त्यांना पुरायची आहे! मावशी हसायची. "बघ बघ, म्हणतेय, असलं मला देता होय?"

दुपारी मुकुंदा नगरपालिकेतून जेवायला घरी आला. मला पाहून त्याचे डोळे भरले. ते पाणी खोटं नव्हतं, हे मला आजही सांगितलं पाहिजे.

"ताई, परवा सकाळची जीप सांगितलीय," पाटावर बसता बसता तो म्हणाला. "वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. डॉक्टरांची चिठ्ठी मिळालीय."

"डॉक्टरांनी तपासलं तिला?"

"तपासायचं काय त्यात? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, असलं खाणं म्हणजे डोक्याचंच काम."

"एकदा घेऊन तरी जायचंस."

"कसं नेऊ? श्रावणात मोरीत पडली तेव्हापासून उठता येत नाही तिला. आणि लोकांना काय तोंड दाखवू? कचेरीत कुजबुज सुरू झालीय. उद्या कुणी तोंडावर विचारेल, काय हो, तुमच्या मातोश्री उंदीर खातात म्हणे."

"घरात पाणी प्यायला कुणी येणार नाही," नलू म्हणाली आणि माझ्या पानात तिसरी पोळी टाकली.

"अगं नको, पुरे."

"असं कसं पुरे? गाडीचा प्रवास करून आलात. भाजी वाढते थोडी. लाजू नका वन्सं, तुमचंच घर आहे."

नलूचा आग्रह बार्शीत नाव घेण्यासारखा होता. तिच्या पंक्तीला बसलेला माणूस ढेकर दिल्याशिवाय उठायचा नाही. शेंगांची चटणी, त्यावर तेल, वरणावर तूप. मुकुंदाच्या पानात काय संपत आलंय हे त्याच्याआधी तिला कळायचं.

"आणि एरवी किती देवाधर्माची बाई!" भात कालवत मुकुंदा म्हणाला. "मला ज्येष्ठात कावीळ झाली, जगतो का मरतो अशी अवस्था. तेव्हा हिनं नवस बोलला. मी बरा झालो आणि हिनं आषाढी एकादशीपासून अयाचित धरलं. सबंध चातुर्मास कुणाकडे काही मागायचं नाही. न मागता पानात पडेल तेवढंच खायचं. पाणीसुद्धा मागायचं नाही. मी सगळ्यांना सांगतो, अशी आई मिळायला पुण्य लागतं. आणि तिच्याच नशिबी हे! नलू, ताक आहे का गं?"

नलू ताकाचा गडू घेऊन उभीच होती.

जेवण झाल्यावर मी मावशीच्या खोलीत गेले. मुकुंदानं तिला पुन्हा आत आणून निजवलं होतं. ती खोली घराच्या अगदी मागं, गोदामाच्या भिंतीला लागून. शेंगांच्या फोलपटांचा कोंदट वास आणि त्याखाली उंदराचा वास. अर्धवट लोटलेली खिडकी मी सताड उघडली.

मावशीनं माझा हात धरला. तिची बोटं म्हणजे नुसत्या काड्या होत्या. गालाची हाडं वर आली होती, ओठांना भेगा पडल्या होत्या. एका भेगेत वाळलेलं रक्त होतं. हेच ते नलूनं पाहिलेलं रक्त.

"पमे, पोरं बरी आहेत का?"

"बरी आहेत. मावशी, हे काय ऐकतेय मी?"

"काय ऐकलंस?"

"उंदरांचं."

तेवढ्यात खिडकीतून मांजर उतरलं. तिरंगी, कानाचा एक कोपरा फाटलेला. मावशीच्या पोटावर चढलं आणि पुढचे पाय आळीपाळीनं दाबू लागलं, कणीक तिंबावी तसं. नखं लुगड्यात रुतून सुटताना टचटच आवाज येत होता.

"हाकलू का?"

"राहू दे. ठकी आहे ती. दूध पिताना पिल्लं आईला असंच दाबतात. मोठी झाली तरी खोड जात नाही." मावशीनं ठकीकडे पाहत डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले. ठकीनंही तसंच केलं. मी लहान असताना हे तिनं मला शिकवलं होतं. मांजराकडे रोखून बघितलं की ते भितं, डोळे मिटून बघितलं की त्याला भरवसा वाटतो. मी ते कधीच केलं नाही. मला त्यांच्याकडे बघायचंच नसायचं.

नलू मावशीचं ताट घेऊन आली. उंबऱ्यातूनच ते जमिनीवर ठेवून तिनं पायानं आत सरकवलं आणि गेली. ताटात अर्धी भाकरी आणि वाटीत पातळ ताक. मला वाटलं, आजारी माणसाचं पथ्य असेल. मावशीनं उठून बसायला माझा आधार घेतला. तिनं भाकरी कुसकरली, ताकात भिजवली आणि संपवली. खाली पडलेला कण बोटाला चिकटवून तोंडात घातला. ठकी उडी मारून खाली आली, रिकामं ताट चाटून तिनं पाहिलं. मग पुन्हा खाटेवर चढून मावशीचं तोंड हुंगलं. मला शिसारी आली.

ताट उचलताना माझी नजर पुन्हा त्या कागदावर गेली. नलूनं तो खिडकीत ठेवून दिला होता, बहुतेक मुकुंदाला दाखवायला. नाक दाबून मी वाकून पाहिलं. ती हिरवी गाठ आणि शेपटी. लहानपणी मावशीच्या अंगणातून हेच मी रोज केरसुणीनं लोटायची. मांजर उंदराला डोक्याकडून खायला लागतं, हाडंसुद्धा ठेवत नाही. पण पित्ताची ती कडू पिशवी जिभेनं बाजूला काढतं आणि शेपटी टाकतं.

"मावशी, हा ठकीनं खाल्लाय. माणसाला कुठून कळणार पित्त बाजूला काढायचं?"

"तुला आठवतंय अजून," ती म्हणाली आणि हसली. ओठाची भेग उकलून त्यातून रक्ताचा थेंब आला.

"मग सांगत का नाहीस त्यांना? परवा तुला कुठं नेणार आहेत ते ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे. ठकीचं नाव घेतलं तर ते हिला हाकलून देतील."

"आणि तुला वेडी ठरवतात ते चालतं?"

ती छताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सांगू नकोस असंही मी तुला म्हणत नाही. मला काही मागता येत नाही."

मी संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत बसून राहिले. दिवेलागणीच्या सुमाराला खिडकीत सावली हलली. ठकी आली. तोंडात काहीतरी लोंबत होतं. गळ्यातून ती एक चमत्कारिक, मऊ, गुरगुरती हाक देत होती. म्याव नव्हे. व्यालेली मांजर पिल्लांना बोलावते ती हाक. मावशीच्या हाताजवळ तिनं उंदीर ठेवला. तो जिवंत होता. एक मागचा पाय ओढत तो चादरीवर सरकू लागला आणि मी किंचाळून भिंतीला चिकटले.

ठकीनं एका पंजानं त्याला परत मावशीकडे ढकललं. पुन्हा ढकललं. मग ती खाटेच्या कडेला गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. कान मात्र मागं वळलेले.

मावशीनं उंदीर शेपटीला धरून उचलला आणि खाटेखाली सोडला. "आधी मेलेले आणायची," ती म्हणाली. "मग अर्धमेले. आता जिवंत. पिल्लांना असंच शिकवतात. म्हणतेय, म्हातारे, किती दिवस आयतं खाशील? आता धरायला शीक."

"आणि तू ते कागदात बांधून ठेवतेस?"

"टाकणार कसं? न मागता आलेलं टाकायचं नसतं. ठेवते. पहाटे तीच येऊन खाते, उरलेलं मी पुन्हा घडी घालून ठेवते."

"तू..." मला पुढं विचारवेना.

"नाही गं बाई. एवढी नाही झाले अजून."

"पण तुला पिल्लू का समजते ती?"

"तिची पिल्लं बोक्यानं मारली श्रावणात. ह्या खाटेखालीच व्याली होती. सकाळी बघते तर नुसते पाय पडलेले. दोन दिवस घसा फाटेस्तोवर ओरडत हिंडली."

"ते कळलं. पण घरात तिघं माणसं आहात. नलूला का नाही आणून देत? मुकुंदाला का नाही?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी अगदी बाळबोध काहीतरी विचारलं होतं.

"ती दोघं जेवतात की," ती म्हणाली.

खाटेखालून तो उंदीर ओरडला आणि ठकी झडप घालून खाली गेली. कडकड आवाज आला. मी तिथंच बसून राहिले. दुपारची ती अर्धी भाकरी, बोटाला चिकटवलेला कण, चाटून पाहिलेलं ताट, हुंगलेलं तोंड. माझ्या पोटात नलूच्या हातच्या तीन पोळ्या होत्या.

"मावशी, नलू तुला किती वाढते?"

"पमे, ते सांगितलं तर मागितल्यासारखं होईल."

"रात्रीचं?"

मी स्वयंपाकघरात गेले. नलू मुकुंदासाठी थालीपीठ लावत होती.

"मावशीचं रात्रीचं ताट?"

"रात्री त्या घेत नाहीत," नलू म्हणाली.

मी तवा पाहिला, लोण्याचा गोळा पाहिला, बाहेर पाटावर वाट पाहत बसलेला मुकुंदा पाहिला. त्या क्षणी मी बोलले असते तर दोघांनी मलाही मावशीच्या पंक्तीला बसवलं असतं, पमाताईचंही डोकं फिरलं म्हणून. आधी त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं होतं. माझ्या पिशवीत वाटेसाठी बांधलेले दशम्यांचे दोन तुकडे उरले होते. ते मी मावशीच्या हातावर ठेवले. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

सकाळी उजाडता उजाडता मी दोघांना मावशीच्या खोलीच्या दाराआड उभं केलं. मुकुंदा डोळे चोळत कुरकुरत होता. "ताई, काय लहान मुलांसारखं!"

फार वेळ थांबावं लागलं नाही. ठकी खिडकीतून आली, तोंडात उंदीर, गळ्यात ती हाक. मावशीच्या हाताशी तिनं तो ठेवला, मागं सरकली, पाठ फिरवून बसली. थोड्या वेळानं वळून आली आणि म्हातारी खात नाही असं पाहून स्वतःच डोक्याकडून सुरुवात केली.

"आई गं, शी!" नलू मागं सरली. "म्हणजे ही मेलीच करतेय सगळं!"

मुकुंदाचा चेहरा खुलला. "म्हणजे आई खात नाही! अगं ताई, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंस. मांजराचाच उपद्व्याप! हात्तिच्या!"

"ती का करतेय हे विचार की."

"मांजर आहे ते. त्याला काय कारण लागतं?"

"मुकुंदा, तुझी आई उपाशी आहे. ते मांजराला कळलं."

तो हसलाच. मग माझं तोंड पाहून थांबला. "काहीतरीच बोलू नकोस. रोज ताट जातं तिला."

"काय असतं ताटात? बघितलंस कधी?"

त्यानं नलूकडे पाहिलं. नलूनं पदर सारखा केला. ती लाजली नव्हती, रागावलीही नव्हती. एखादी सवय कशी सुटली ते सांगावं तशी ती सांगू लागली. "पडायच्या आधी त्या आमच्यात बसायच्या, तेव्हा पुरतं पान वाढत होते. मग खोलीत ताट द्यायला लागले. एकदा पीठ कमी पडलं, अर्धीच भाकरी दिली. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, पुरतंय. पडून असलेलं माणूस, किती लागणार? मग एकदा संध्याकाळचं राहून गेलं. तेव्हाही काही बोलल्या नाहीत. आणि हे उंदरांचं निघाल्यावर तर माझा हातच पुढं होईना. त्यांनी एकदा म्हणायचं होतं, नलू, भूक लागलीय."

"तिनं म्हणायचं नाही, हेच तर व्रत आहे!"

"मग मला कसं कळणार, वन्सं?"

मुकुंदाच्या पानातलं ताक संपण्याआधी जिला कळत होतं, ती हे विचारत होती. मी मुकुंदाकडे वळले. तो खाली बघत होता. मला वाटलं, आता तरी हा काही बोलेल.

"पण ताई," तो म्हणाला, "व्रत तिनंच धरलंय ना? आपण कोण मोडणारे?"

"तुझ्यासाठी धरलंय तिनं!"

"तेच म्हणतोय मी. बरा झालो ना मी? म्हणजे लागू पडलं. मधेच मोडलं आणि काही झालं म्हणजे?"

कागदातल्या त्या हिरव्या गाठीकडे बघताना जी किळस वाटली होती, त्याहून जास्त किळस मला आता वाटली. ठकी भिंतीशी बसून जिभेनं तोंड पुसत होती, आणि मला तिच्याकडे बघत राहणं सोपं जात होतं.

"वाढ तिला," मी नलूवर ओरडले. "आत्ता. भरलेलं ताट आण. भात, वरण, तूप, सगळं!"

नलू गेली. भांडी आपटल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळानं ती ताट घेऊन आली, वाफाळता भात, वरण, तुपाची धार, वर लोणचं. या वेळी पायानं सरकवलं नाही. हातानं मावशीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "घ्या. वन्सं म्हणतात मी उपाशी ठेवते तुम्हाला. जेवा पोटभर."

मावशीच्या नाकपुड्या हलल्या. भाताच्या वाफेकडे तिनं असं पाहिलं की मला तिच्याकडे बघवेना. मग तिनं दोन बोटांनी ताट दूर सारलं.

"का गं?"

"हे मागून आलंय, पमे."

"तू कुठं मागितलंस? मी मागितलं!"

"माझ्यासाठीच मागितलंस ना?"

नलू म्हणाली, "बघा. आता मी काय करू?" आणि ताट उचलून गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेले नाही. ती जिंकली होती.

मी शेगडी पेटवली. नलूला बाजूला हो म्हटलं नाही, तीच झाली. मऊ भात केला, त्यात तूप-मीठ घातलं, मेतकूट कालवलं. पाण्याचा तांब्या भरला. मावशीच्या खोलीत जाऊन ताट तिच्या हाताशी ठेवलं. 'जेव' म्हटलं नाही, 'घे' म्हटलं नाही. मागं सरले आणि खाटेच्या कडेला, तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ताटाला बोटं लागल्याचा आवाज आला. मग घास गिळल्याचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कोरड्या घशातून अन्न उतरताना होतो तो. पुन्हा. पुन्हा. मी श्वास रोखून भिंतीवरचे पोपडे बघत होते.

तेवढ्यात दारातून मुकुंदाचा आवाज आला, फार प्रेमळ. "आई, आणखी हवंय का गं?"

मागचा आवाज थांबला.

"आई? हवंय का आणखी?"

मी वळून पाहिलं. मावशीनं हात ताटाबाहेर घेतला होता. ताटात निम्मा भात होता.

"बोलत नाही," मुकुंदा मला म्हणाला. "पोट भरलं असणार."

मी उठले, त्याच्या छातीला हात लावून त्याला दाराबाहेर ढकललं आणि कडी घातली. लहानपणी त्याला पडसं व्हायचं तेव्हा मी आपल्या परकराच्या काठानं त्याचं नाक पुसायची. त्याची कधी घाण वाटली नव्हती. हात मात्र त्या दिवशी मी साबण लावून धुतला.

दुसऱ्या दिवसाची जीप सांगितलेलीच होती. ती इस्पितळाऐवजी कुर्डुवाडीला न्यायची असं मी मुकुंदाला सांगितलं. तो 'लोक काय म्हणतील' म्हणाला. नलूनं मात्र दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे कायमच्याच?" तिच्या डोळ्यांत उजेड आला होता.

मावशीला जीपमध्ये निजवलं. ठकी अंगणात बसली होती. "हिलाही घेऊ या," मी म्हटलं. माझ्या तोंडून असं काही निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नको," मावशी म्हणाली. "कुत्रं माणसामागं जातं. मांजर घर सोडत नाही. तिथं ती झुरेल. इथं गोदाम आहे, उपाशी मरायची नाही." तिनं ठकीकडे पाहत डोळे सावकाश मिटले, उघडले. ठकीनं तोंड फिरवून पंजा चाटायला घेतला.

कुर्डुवाडीच्या आमच्या रेल्वेच्या दोन खोल्यांत मावशीला रोज न विचारता वाढायचं होतं. किती हवंय, काय हवंय, काही विचारायचं नाही. ह्यांना हे समजावायला मला बराच वेळ लागला, पण एकदा समजल्यावर ते जेवताना तिच्याकडे पाठ करून बसू लागले. मी तिच्या हाताकडे बघायला शिकले. घास घेताना बोटं लवकर वळली की आणखी वाढायचं. ताटाच्या काठावर अंगठा टेकला की थांबायचं. घसा हलला की तांब्या भरायचा. गालाची हाडं हळूहळू झाकली गेली, ओठांच्या भेगा मिटल्या. काठी घेऊन ती चार पावलं टाकू लागली.

कार्तिकातली द्वादशी आली. एकादशीला चातुर्मास संपला होता, त्या दिवशी व्रताचं पारणं. मी सकाळीच पुरण शिजत लावलं होतं. तिच्याजवळ बसून मी म्हटलं, "मावशी, सुटलीस आता. माग. काय हवं ते माग. आज मी काहीही करीन."

मला वाटलं होतं ती बासुंदी मागेल. किंवा देवळात ने म्हणेल. चार महिन्यांत तिच्या मनात काय काय साठलं असेल, असं मला वाटत होतं.

"मुकुंदाला बोलाव ना जेवायला," ती म्हणाली. "पुरण म्हणजे त्याचा जीव."

निरोप गेला आणि दुपारच्या गाडीनं मुकुंदा आला. एकटाच. नलूला बरं नव्हतं, अन्न जात नव्हतं म्हणे. आईला चालताना पाहून त्याला रडू आलं, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मग पाटावर बसला. मावशी काठी टेकत आली, त्याच्या शेजारी बसली आणि तुपाची वाटी स्वतःच्या हातात घेतली. मी पोळ्या लाटत होते.

त्याची पहिली पोळी संपल्यावर मावशीनं विचारलं, "ठकी कशी आहे रे?"

"ती?" मुकुंदानं दुसरीचा तुकडा मोडला. "तिला सोडून आलो आई. पोत्यात घालून पार लातूर रस्त्याला. वाट सापडू नये म्हणून पोतं चांगलं गरगर फिरवलं. तू गेल्यावर ती उंदीर नलूच्या उशाशी आणायला लागली. नलूला किळस येते ना."

मावशीचा हात वाटीवर तसाच राहिला. पोळपाटावर माझं लाटणं थांबलं. चुलीवरची पोळी जळत होती.

"तूप, आई," मुकुंदा म्हणाला. "आणि अजून एक पोळी दे. गरम असेल ती."

मावशीनं तूप वाढलं. पोळी वाढली. त्याचं ताट जरा निरखलं आणि त्यानं मागितली नव्हती तरी आणखी एक वाढली.

मी तवा उतरवला, मोरीत गेले आणि त्या दिवशी मी काहीच खाल्लं नव्हतं, तरी बराच वेळ ओकत राहिले.